गावाची खोली आणि प्रफुल्लचं मॉडेल

गावाकडून फोन येतो. "परळच्या इस्पितळात दाखवायला यायचं म्हणतोय. चार दिवस राहायची सोय होईल का?" आणि तुम्हाआम्हाला एकाएकी मुलांची परीक्षा आठवते, बाथरूमची गळती आठवते, सासूबाईंचे गुडघे आठवतात. आपण सुशिक्षित नागरिक आहोत, म्हणून खोटे बोलतानाही आवाज मऊ ठेवतो. "अरे, आला असतास तर बरंच वाटलं असतं," असे म्हणून फोन ठेवतो आणि जेवायला बसतो.

आपले हे गुण आपल्या आजोबांना आधीच ठाऊक होते. माणसाच्या चांगुलपणावर फार भरवसा ठेवू नये, त्यापेक्षा एक खोली घेऊन ठेवावी, एवढे शहाणपण गिरणीत राबणाऱ्या त्या लोकांपाशी होते. म्हणून परळ, लालबाग, शिवडी, माझगावच्या चाळींत त्यांनी वर्गण्या काढून गावाच्या नावाने खोल्या घेतल्या. रत्नागिरीकडच्या कोंडशेत गावातल्या बौद्धवाडीची अशीच एक खोली परळच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर आहे. ती कुणा एकाची नाही, वाडीतल्या प्रत्येकाची आहे. तिचे नियम कुठे लिहिलेले नव्हते आणि कुणी मोडतही नव्हते. किल्ली शेजारच्या सुंदराबाईंकडे. आलेल्याने आपण वाडीतल्या कुणाचा कोण ते सांगायचे आणि किल्ली घ्यायची. आजारी माणसाला भिंतीकडची जागा, धडधाकटाने गॅलरीत पथारी टाकायची. जाताना खोली झाडायची, पिंप भरायचे, उरलेले तांदूळ डब्यात ठेवून जायचे. आभार कुणाचे मानायचे नाहीत. स्वतःच्या खोलीत राहिल्याबद्दल माणूस कुणाचे आभार मानणार?

सगळे इतके बरे चालले होते, की ते बिघडवायला एखाद्या चांगल्या शिकलेल्या माणसाचीच गरज होती. ती प्रफुल्लने भागवली.

प्रफुल्ल याच वाडीतला. त्याचे वडील याच खोलीत पथारीवर झोपून पदवीधर झाले आणि बँकेत लागले. मुलगा त्यांच्याही पुढे गेला, एमबीए झाला, आणि गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या एका काचेच्या इमारतीत 'ओसरी' नावाच्या कंपनीत नोकरीला लागला. ज्यांच्या दारात अनोळखी माणूस दोन मिनिटे रेंगाळला तर लगेच वॉचमनला फोन जातो, अशा मंडळींनी आपल्या कंपनीला ओसरी हे नाव ठेवले होते! लोकांच्या रिकाम्या खोल्या अ‍ॅपवर टाकायच्या, दुसऱ्यांना राहायला द्यायच्या आणि मधला वाटा आपण घ्यायचा, हा त्यांचा धंदा. पूर्वी याला दलाली म्हणत. आता त्याला शेअरिंग इकॉनॉमी म्हणतात. दलालाला निदान आपण दलाल आहोत हे ठाऊक असे. या लोकांना आपण समाजसेवा करतो असे वाटते, आणि दर शुक्रवारी एकमेकांना तसे सांगून ते केक कापतात.

ओसरीला आता एक 'कम्युनिटी रूम' हवी होती, म्हणजे एखाद्या समाजाने मिळून राखलेली खोली. ती जो आणील त्याला बढती मिळणार होती. प्रफुल्लला गावाची खोली आठवली. इतकी वर्षे ती त्याला आठवली नव्हती.

रविवारी विहाराच्या हॉलमध्ये खोलीचा कारभार पाहणाऱ्या मंडळाची बैठक भरली. प्रफुल्लने भिंतीवर प्रोजेक्टर लावला. पहिलेच चित्र तीन चौकोनांचे. मंडळाचे अध्यक्ष राजारामभाऊ पुढच्या खुर्चीत, चष्मा पुसून तयार.

"काका, आपली खोली वर्षातले निम्मे दिवस रिकामी असते," प्रफुल्ल म्हणाला. "हा आयडल अ‍ॅसेट आहे. तो फक्त अनलॉक करायचा."

"म्हणजे आपण करायचं काय?"

"काहीच नाही. अ‍ॅप करेल सगळं. इस्पितळांमुळे परळला खोल्यांना केवढी डिमांड आहे! मंडळाला दरमहा उत्पन्न. आणि आपल्या गावच्या लोकांना मेंबर डिस्काउंट."

स्वतःच्याच खोलीत राहायला सवलत! पण हॉलमध्ये कुणाला हसू आले नाही. 'काहीच नाही' आणि 'उत्पन्न' हे दोन शब्द एका दमात ऐकल्यावर मंडळाच्या कार्यकर्त्याला पुढचे ऐकू येत नाही. मागच्या रांगेत तर जयंतीला स्टेज केवढे बांधायचे यावर चर्चाही सुरू झाली.

तेव्हा संघमित्राताई उठल्या. त्या प्रफुल्लच्या सख्ख्या आत्या. दादरच्या एका ज्युनिअर कॉलेजात अकरावी-बारावीला वाणिज्य शिकवतात. धंद्याचे त्यांना वावडे नाही, धंदा कसा करावा हे त्या पोरांना रोजच शिकवतात.

"प्रफुल्ल, तुझं ते तीन चौकोनांचं चित्र परत लाव," त्या म्हणाल्या. त्याने लावले. "हा देणारा, हा घेणारा आणि मधे तुमची कंपनी. बरोबर? आता सांग, आपल्या खोलीत देणारा कोण?"

"मंडळ. म्हणजे वाडीतले लोक."

"आणि घेणारा?"

"तेच. पण आत्या..."

"तेच! म्हणजे दोन्ही चौकोनांत एकच माणूस आहे. मग मधल्याला उभं राहायला जागा कुठाय? तुला मधला घुसवायचाय, म्हणून आधी आमचे दोन तुकडे करावे लागणार. एक मालक, एक गिऱ्हाईक. एकदा का आमचा माणूस गिऱ्हाईक झाला, की त्याला 'नाही' म्हणता येतं. आज म्हणता येत नाही."

"आत्या, तू सिलॅबसमधलं सांगतेयस. मॉडेल बदललंय आता. निम्मे दिवस रिकामी जागा म्हणजे सरळ वेस्ट आहे."

"अरे, आगीचा बंबही वर्षातले कितीतरी दिवस नुसता उभा असतो. तो लग्नाच्या मांडवात पाणी शिंपडायला भाड्याने देशील का? आणि इथे आग लागली तर काय सांगशील, बंब लग्नाला गेलाय?"

दोघेचौघे हसले. मग राजारामभाऊंनी घसा खाकरून "मॅडमच्या भावनांचा आदर आहे" असे सांगितले. ज्याचे ऐकायचे नसते त्याच्या भावनांचा आपल्याकडे नेहमी आदरच होतो. हात वर झाले. ठराव मंजूर.

पुढे खोलीचे जे झाले ते पाहण्यासारखे होते. एसी बसला. दाराला आकडे दाबून उघडायचे कुलूप आले, त्यामुळे सुंदराबाईंची किल्ली निकामी झाली. शोभेसाठी भिंतीवर गिरणीच्या धुराड्याचा एक भला मोठा काळापांढरा फोटो आला. त्या धुराड्याखाली ज्यांनी छाती खोकून खोकून रिकामी केली त्यांच्याच वर्गणीची ती भिंत. आणि बुद्धांची व बाबासाहेबांची तसबीर? ती 'न्यूट्रल लुक'साठी उतरवून विहाराच्या कपाटात ठेवली. याही गोष्टीला मंडळातल्या एकाही शूराने हरकत घेतली नाही, कारण पहिल्या महिन्याचे उत्पन्न आले होते.

आता दत्तारामकाकांकडे वळू. हे कोंडशेतचे. प्रफुल्लच्या वडिलांचे बालमित्र. त्यांच्या बायकोला, गंगुबाईला, घशात गाठ आली. तपासण्यांसाठी दोघे मुंबईला आले तेव्हा गावच्या मास्तरांनी अ‍ॅपवरून बुकिंग करून दिले. दत्तारामकाका आपल्याच खोलीत सवलतीने राहिले. रीतीप्रमाणे झाडून, पिंप भरून गेले. तांदूळही ठेवून गेले. ते कंपनीच्या सफाईवाल्याने फेकून दिले.

त्यांच्यामागून जो पाहुणा आला, त्याला खोलीत सुकटीचा वास आला. त्याने तक्रार केली. अ‍ॅपने दत्तारामकाकांना दोन तारे दिले. आपल्याला असे काही दिले गेले आहे, याचा त्यांना पत्ताही नव्हता.

तपासण्यांचे निदान आले. कॅन्सर, पण हाताबाहेर गेलेला नव्हता. डॉक्टर म्हणाले, आता रोज शेक द्यायचे, रेडिएशनचे, काही आठवडे. मधे खंड पडता कामा नये. मास्तरांनी पुन्हा अ‍ॅप उघडले. उत्तर आले: आपले मानांकन कमी असल्याने विनंती स्वीकारता येत नाही. दत्तारामकाकांना वाटले, यंत्राची काहीतरी चूक असेल. गावाच्या खोलीत गावाच्या माणसाला 'नाही' कोण म्हणणार? दोघे एसटीत बसले आणि परळ डेपोला उतरले.

खोलीत दुसरेच कोणी होते. सुंदराबाईंच्या हातात किल्ली नव्हती. "दत्ताराम, तू माझ्याकडं चल रे," त्या म्हणाल्या. पण त्यांच्या घरात लेक बाळंत होऊन आठवडा झाला होता. आत बाळाचे रडणे ऐकू येत होते. दत्तारामकाकांनी ते ऐकले आणि हसून म्हणाले, "नको गो वैनी. आमची सोय झालीय." सोय कुठलीच झाली नव्हती. पण खोटे बोलण्याचेही दोन प्रकार असतात, आणि दुसऱ्याला अडचण होऊ नये म्हणून बोललेले खोटे आपल्या त्या फोनवरच्या खोट्याच्या पंगतीला बसत नाही.

सुंदराबाईंना मात्र चैन पडेना. रात्री चाळीतल्या एकाने दोघांना इस्पितळाबाहेरच्या फुटपाथवर पाहिल्याचे सांगितले, तेव्हा त्यांनी संघमित्राताईंना फोन केला. ताई दुसऱ्या दिवशी सकाळीच दादरला प्रफुल्लच्या फ्लॅटवर जाऊन धडकल्या. दार उघडताच त्यांनी त्याला सगळे ऐकवले.

प्रफुल्ल चपापला. "मला माहीतच नव्हतं, आत्या. सिस्टीम ऑटो-डिक्लाइन करते. मी सपोर्टला मेल टाकतो."

"मेल टाक. गंगुबाईची गाठ तोवर थांबेल." ताईंची नजर शेजारच्या उघड्या दाराकडे गेली. आत चांगला ऐसपैस पलंग, पलंगावर इस्त्रीचे कपडे, कोपऱ्यात ट्रेडमिल. "ही खोली कुणाची?"

"गेस्टरूम आहे."

"शेवटचा गेस्ट कधी आला होता?"

प्रफुल्लने ते दार ओढून घेतले.

"म्हणजे रिकामीच की. आयडल अ‍ॅसेट! ही का नाही टाकलीस अ‍ॅपवर?"

"आत्या, काहीतरीच काय! ही आमची पर्सनल आहे."

"अस्सं! तुझी रिकामी खोली पर्सनल, आणि आमची रिकामी खोली वेस्ट. छान मॉडेल आहे हो! हेच त्या दिवशी भिंतीवर दाखवायचं होतंस, सगळ्यांना पटकन कळलं असतं. चल आता."

इस्पितळाबाहेरच्या फुटपाथवर कोण राहते, हे परळवरून जाणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे आणि प्रत्येकजण तिथे आला की फोनमध्ये बघतो. भिंतीला दोऱ्या बांधून निळ्या ताडपत्र्या ओढलेल्या, खाली स्टोव्ह, औषधांच्या पिशव्या, चटयांवर माणसे. अशाच एका ताडपत्रीखाली गंगुबाई डोळे मिटून पडली होती. शेजारी एक बुलढाण्याकडची बाई भाकरी थापत होती. प्रफुल्लचे कपडे पाहून ती म्हणाली, "केळं वाटाले आले का, दादा? फोटो काढाचा असंल तं लवकर काढा. पेशंटचा डोळा लागला आत्ताच."

प्रफुल्लने नकारार्थी मान हलवली. "तुम्ही यांना ओळखता का?" त्याने गंगुबाईकडे बोट दाखवत विचारले.

"वळखाचं काय लागते त्यात? बाईले आडवं व्हाचं होतं, मंग आम्ही सरकलो."

सरकलो! बाईचा नवरा आत वॉर्डात, मुलगी गावी, आणि जवळ जी काय होती ती अर्धी ताडपत्री. तिने ती कुणाला दाखवून, टाळ्या घेऊन दिली नव्हती. तिला शेअरिंग हा शब्दही माहीत नव्हता. ओसरीच्या बाराव्या मजल्यावर केक कापणाऱ्यांपैकी एकाने तरी तिथे येऊन पाहायला हवे होते. पण त्यांच्या गाड्यांच्या काचा वर केलेल्या असतात.

तेवढ्यात दत्तारामकाका चहाचा डबा घेऊन आले. प्रफुल्लला पाहून त्यांचा चेहरा उजळला. "अरे, प्रफुल! जय भीम. बाबा कसा हाय तुजा?" मग आवाज खाली करून म्हणाले, "तू त्या कंपनीत हायस म्हणं. एक इचारू? मास्तरान वाचून दाखवलान, आमचे तारे कमी पडले. आमचा काय चुकला रं? खोली झाडली व्हती. पिंप भरला व्हता. सुकटीची चटणी केली व्हती, तेवडीच. हिला दुसरा काय गिळवत नव्हता."

तीन ताऱ्यांखालच्या माणसाला आपोआप नकार द्यायचा, हा नियम प्रफुल्लनेच लिहिला होता. एका दुपारी, कॉफी पिता पिता. त्यावर साहेबाने त्याची पाठ थोपटली होती.

"काका, तुमचं काही नाही चुकलं!" तो कसाबसा म्हणाला. "तुम्ही दोघं आत्ताच्या आत्ता माझ्या घरी चला."

दत्तारामकाकांनी चहाचा डबा खाली ठेवला. "नको रं बाला. तुज्या घरी येन मी, चा प्यायला येन. पन ऱ्हायला नाय. तितं मी पावना. दोन दिवस बरा वाटंल, तिसऱ्या दिवशी तुजी बायको तोंड फिरवंल, तिचा काय दोष नाय त्यात. हिला तर किती आठवडं जानार कोन जाने. गावाच्या खोलीत मी पावना नाय. माज्या बापसानं गिरनीच्या पगारातनं वर्गनी भरली ती कुनाच्या दारात हात जोडायला लागू नये म्हनून."

संघमित्राताई बारावीच्या वर्गात जे वर्षभर शिकवतात ते सारे एका म्हाताऱ्याने फुटपाथवर उभे राहून सांगून टाकले होते, त्यात भर काय घालायची?

आणि मग प्रफुल्लला, उशिरा का होईना, अक्कल आली! तो तिथूनच चाळीत गेला. खोलीत नागपूरकडून एका परिषदेला आलेले डॉक्टर नवरा-बायको होते. त्याने त्यांना लपवाछपवी न करता सगळे सांगितले. "ही खोली पेशंटसाठी राखलेली आहे, हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या आणि बॅग भरू लागल्या. त्यांचा दोष नव्हताच. अ‍ॅपवर त्यांना एसी दिसला, धुराड्याचा फोटो दिसला. माणसे दाखवायची त्यात सोयच नव्हती. प्रफुल्लने त्यांना दादरला आपल्या घरी नेले आणि त्या पर्सनल खोलीतले इस्त्रीचे कपडे उचलून त्यांची व्यवस्था लावली. दुपारच्या आत गंगुबाई आपल्या खोलीत भिंतीकडच्या जागेवर होती. संध्याकाळी तिचा शेक चुकला नाही. बुलढाण्याच्या बाईलाही ताईंनी चाळीत बोलावले. ती म्हणाली, "नवरा आत हाय, मी इथंच बरी. पण आंघोळीले येईन." ती रोज येऊ लागली आणि तिला, तू वाडीतल्या कुणाची कोण, हे सुंदराबाईंनी एकदाही विचारले नाही.

रविवारी पुन्हा बैठक झाली. राजारामभाऊंनी करार पुढे केला. "असं मधेच कसं सोडता येईल? मंडळाचं नुकसान होईल. आणि दोघांसाठी आपण गावाचं उत्पन्न बुडवायचं का?"

प्रफुल्ल उभा राहिला. आज प्रोजेक्टर नव्हता. "काका, करार मी आणला, तो मोडायचा भुर्दंड मी भरतो. पण एक सांगा, गाव म्हणजे कोण? आपल्या गावचा माणूस फुटपाथवर होता तेव्हा गावाला उत्पन्न मिळत होतं, असं म्हणायचंय का तुम्हाला? आत्या म्हणाली होती, आपले दोन तुकडे होतील. झाले ना! तुम्ही मालक राहिलात आणि दत्तारामकाका गिऱ्हाईक झाले. उद्या तुमचा घसा दुखला, तर तुम्हीही गिऱ्हाईकच!"

राजारामभाऊंचा हात नकळत गळ्याकडे गेला. तत्त्वाने जे होत नाही ते भीतीने होते. हात वर झाले, मागच्या वेळी झाले होते तितकेच आणि तितक्याच तत्परतेने. ठराव मंजूर. तसबीर त्याच दिवशी कपाटातून निघून भिंतीवर गेली.

प्रफुल्लची बढती दुसऱ्या कुणाला मिळाली. ओसरीने या फजितीचेही 'आमचे धडे' म्हणून प्रेझेंटेशन केले आणि त्यालाही टाळ्या घेतल्या. अशा लोकांच्या मनाला काही लागत नाही, त्यांना सोडून द्या. गंगुबाईचे शेक मात्र खंड न पडता पुरे झाले. गावी परतताना ती स्वतःच्या पायांनी तीन मजले उतरली.

नागरिकहो, भाड्याने देणे हे पाप नाही. खुशाल द्या, रीतसर द्या, भाडे घ्या. पण त्याला वाटून घेणे म्हणू नका. वाटून घेण्यात आपण थोडे सरकतो आणि आपली जागा कमी होते. आपली जागा तसूभरही कमी न होता जर खिसा भरत असेल, तर तो धंदा आहे, आणि धंद्याने धंद्यासारखे वागावे, आपुलकीचा मुखवटा चढवून गरिबाच्या दारात येऊ नये. अशी एखादी योजना घेऊन कुणी तुमच्या मंडळात, सोसायटीत, गावच्या बैठकीत आला तर त्याला एवढेच विचारा: यात 'नाही' कुणाला म्हटले जाणार आहे? आणि त्याआधी हेही विचारा, की स्वतःच्या घरातले काय दिलेस? ज्याला आपली एक खोली देववत नाही, त्याने दुसऱ्याच्या रिकाम्या खोलीकडे बोट दाखवू नये.